सोडतीत आपले नाव निघावे म्हणून काय करता येते?

वाचकाचे पत्र, संक्षेपाने:

“मी सेलू तालुक्यात राहते. घरी शिलाईकाम करते. यजमान चार एकर कोरडवाहू शेती पाहतात, त्यातील दोन एकर माझ्या नावावर आहे. दोन वर्षांपासून मला बक्षीस योजनांचा नाद लागला आहे. वर्तमानपत्रातील कूपने, दिवाळीतील दुकानांच्या सोडती, मसाल्याच्या पाकिटावरील घोषवाक्य स्पर्धा, नवरात्रातील पाककला आणि रांगोळी, यातले काहीच मी सोडत नाही. आजवर एक स्टीलचा डबा, एक छत्री आणि पाककलेत तिसरा क्रमांक एवढेच पदरी पडले. समोरच्या घरी मात्र पहिल्याच कुपनावर फ्रीज आला. यजमान म्हणतात, ते नशिबातच असावे लागते. बक्षीस मिळण्याची शक्यता वाढवण्याचा खरोखर काही मार्ग आहे का? घरातील सगळ्यांच्या नावाने कूपने भरावीत का? आमच्या गल्लीत दरमहा हजार रुपये भरून मोटारसायकलची सोडत काढणारी योजना सुरू होत आहे, तिच्यात नाव घालावे का? आणि परवा फोन आला की तुम्हाला स्कूटर लागली आहे, करापोटी साडेआठ हजार रुपये भरा. ते भरावेत का?”
— एक वाचक, जि. परभणी

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न तातडीचा असल्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो. साडेआठ हजार रुपये भरू नका, त्या क्रमांकावर पुन्हा बोलू नका, आणि आधार, बँक पासबुक किंवा आलेला ओटीपी यांपैकी काही आधीच दिले असेल तर बँकेला आजच कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी; जितक्या लवकर तक्रार होईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी अडवली जाण्याची आशा असते. स्कूटर कोणत्या योजनेत लागली, ती योजना कोणाची, तुम्ही प्रवेशिका कधी आणि कोठे भरली, याचा तुमच्या पत्रात कोठेही उल्लेख नाही, आणि मला वाटते फोन करणाऱ्यानेही तो केला नसावा. जिच्यात भागच घेतला नाही अशा सोडतीत कोणाचेही नाव निघत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. तुम्ही ज्यांना सरसकट बक्षीस योजना म्हणता त्यांत दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एकीत चिठ्ठी उचलली जाते, दुसरीत परीक्षक निवड करतो. चिठ्ठीच्या योजनेत तुमचे अक्षर, तुमची श्रद्धा किंवा तुमची गरज यांतले काहीही मोजले जात नाही. एकूण किती कूपने आली, त्यांतली तुमची किती आणि बक्षिसे किती, या तीन आकड्यांवरच सगळे ठरते. मोठे बक्षीस पाहून आपण धावतो, पण जेथे बक्षीस मोठे असते तेथे गर्दीही तेवढीच मोठी असते. देशभर खपणाऱ्या बिस्किटाच्या पुड्यातील संकेतांक पाठवून मोटार जिंकण्याच्या योजनेत लाखो लोक उतरतात. तालुक्याच्या गावातील भांड्यांच्या दुकानाच्या सोडतीत हजार कूपने येत असतील आणि कुकर, डबे, साड्या अशी लहानमोठी पन्नास बक्षिसे असतील, तर प्रत्येक कुपनामागे शक्यता शेकडा पाच होते. अशा वीस वेगवेगळ्या सोडतींत एकेक कूपन टाकले तर वीसांतून निदान एक बक्षीस लागण्याची शक्यता शेकडा ६४ च्या आसपास येते. म्हणून जाहिरातीत पहिल्या बक्षिसाचे चित्र पाहण्याऐवजी एकूण बक्षिसे किती आणि योजना किती गावांत चालू आहे हे आधी वाचावे. उत्तेजनार्थ बक्षिसांची ओळ बारीक अक्षरांत असते, पण तुमच्या आमच्या कामाची ओळ तीच असते.

त्याचबरोबर हेही सांगायला हवे की एकोणीस वेळा काही लागले नाही म्हणून विसाव्या वेळी शक्यता वाढत नाही. विसाव्या कुपनालाही शेकडा पाचच. समोरच्या घरी पहिल्या कुपनावर फ्रीज आला यात त्यांचे काही चातुर्य नव्हते आणि तुमचे काही उणे नव्हते. यजमानांचे म्हणणे या एका बाबतीत बरोबर आहे, फक्त त्यावरून भाग घेणेच सोडावे असे निघत नाही.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर सोडतीतील सर्वांत गाजलेले उदाहरण लातूरचे आहे. नोटाबंदीनंतर केंद्र सरकारने २५ डिसेंबर २०१६ पासून लकी ग्राहक योजना चालवली. ५० ते ३,००० रुपयांपर्यंतचे डिजिटल व्यवहार करणाऱ्यांतून रोज १५,००० जणांना हजार हजार रुपये मिळत, आणि शेवटी एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते मोठी सोडत निघाली. एक कोटी रुपयांचे पहिले बक्षीस लातूरच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला लागले. तिचा व्यवहार होता १,५९० रुपयांचा, मोबाइलच्या हप्त्याचा, रुपे कार्डावरून केलेला. या घटनेतून कोटी रुपये मिळवण्याची युक्ती शोधणाऱ्यांच्या हाती काही लागणार नाही, कारण तेथे युक्ती नव्हतीच. लक्षात घेण्याजोगे एवढेच की तो हप्ता तिला भरायचाच होता. सोडतीसाठी तिने वेगळा पैसा घातला नाही, म्हणून बक्षीस लागले नसते तरी तिचे काही गेले नसते.

हीच कसोटी दिवाळीच्या खरेदीला लावून पाहा. समजा एका दुकानाने दोन हजारांच्या खरेदीमागे एक कूपन ठेवले आहे, एकूण वीस हजार कूपने निघतील अशी विक्री आहे आणि सगळ्या बक्षिसांची मिळून किंमत दोन लाख रुपये आहे. दोन लाखांना वीस हजारांनी भागले की एका कुपनाची सरासरी किंमत येते दहा रुपये. नको असलेली दोन हजारांची वस्तू त्या दहा रुपयांसाठी घेणे हा तोट्याचा सौदा आहे. दहा कूपने मिळवली तर शक्यता दहापट होते हे खरे, पण पहिल्या बक्षिसापुरती ती वीस हजारांत दहा, म्हणजे दोन हजारांत एक एवढीच राहते, आणि त्यासाठी वीस हजार रुपये बाहेर पडलेले असतात. साडी, किराणा, खत किंवा शिलाई यंत्राचा सुटा भाग जो घ्यायचाच आहे तो सोडत असलेल्या दुकानातून घ्यावा, भाव मात्र शेजारच्या दुकानाशी ताडून पाहावा, कारण पुष्कळदा बक्षिसाचा खर्च भावातच मिसळलेला असतो. वर्तमानपत्राच्या कूपन योजनेचेही असेच आहे. अंक तुमच्या घरी येतच असेल तर कूपने चिकटवायला खर्च नाही, आणि त्या योजनांत मधल्या सणावारात, लग्नसराईत किंवा सोयाबीनच्या काढणीत अनेकांची कूपने चुकतात, त्यामुळे शेवटपर्यंत पुस्तिका पूर्ण करणारे सुरुवातीच्या मानाने कमी उरतात. चिकाटीचा थेट फायदा होतो अशी सोडत मला तरी हीच ठाऊक आहे.

घरातील सगळ्यांच्या नावाने कूपने भरावीत का, याचे उत्तर नियमपत्रिकेत असते. एका व्यक्तीस एक प्रवेशिका असे लिहिले असेल तर तुम्ही, यजमान आणि अठरा पूर्ण झालेली मुले यांनी आपापल्या नावाने भरायला हरकत नाही. एका कुटुंबास एक असे असेल तर दुसरी भरल्याने दोन्ही बाद होऊ शकतात. माहेरच्या, शेजारच्या किंवा वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर भरू नये, कारण बक्षीस घेताना ओळखपत्र त्याच नावाचे लागते. नाव आधारवर जसे आहे तसेच लिहावे. कुपनावर माहेरचे नाव, पॅनवर सासरचे आणि बँकेत तिसरेच, अशा घोळात लागलेले बक्षीस हातून जाते. पिनकोड, चालू असलेला मोबाइल क्रमांक, खरेदीच्या मूळ बिलाचा क्रमांक आणि सही यांपैकी एक रकाना रिकामा राहिला तरी कूपन बाजूला काढण्याचा अधिकार आयोजकाकडे असतो. भरलेल्या कुपनाचा फोटो काढून ठेवावा, मूळ बिल जपावे, आणि निकालाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी, कारण बहुतेक योजनांत ठरावीक दिवसांत दावा न केल्यास बक्षीस दुसऱ्याला जाते. कूपने हाताने उचलली जातात तेव्हा कागद चुरगळून टाकावा, कोपरा दुमडावा, शेवटच्या दिवशी टाकावे, असे सल्ले आपल्याकडे फार चालतात. चुरगळलेले कूपन बाद होण्याचीच भीती अधिक. शेवटी टाकण्याच्या सल्ल्यात मात्र तथ्याचा एक अंश आहे. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या वेळी, डिसेंबर १९६९ मध्ये, सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली गेली तेव्हा तारखांच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या डब्या नीट ढवळल्या गेल्या नव्हत्या आणि शेवटी भरलेल्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या. आपल्या बाजारपेठेतील सोडतीला फिरता ड्रम असेल तर हा फरक पुसला जातो; उघडे खोके असेल तर ते चार लोकांसमोर नीट हलवून घ्या असे आयोजकांना सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो बजावावा.

निकाल कोठेच जाहीर झाला नाही अशीही उदाहरणे होतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार, द्यायचा इरादा नसताना बक्षिसाची जाहिरात करणे आणि योजना संपल्यावर भाग घेतलेल्यांपासून निकाल लपवणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. दुकानदाराला आधी लेखी विचारा. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. एक अर्जही न करता वर्षभर गल्लीत कुरकुर करणारे लोक मी पुष्कळ पाहतो, त्यांच्यात तुम्ही जाऊ नका.

गल्लीतील मोटारसायकलच्या योजनेबद्दल माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. दरमहा ठरावीक रक्कम गोळा करायची, दर महिन्याला एका सभासदाची चिठ्ठी काढून त्याला गाडी द्यायची, त्याचे पुढचे हप्ते माफ करायचे आणि उरलेल्यांना शेवटी वस्तू किंवा पैसे परत द्यायचे, हा व्यवहार बक्षीस चिट्स आणि मुद्रा परिचलन योजना (बंदी) कायदा, १९७८ खाली बेकायदा आहे. चालवणाराच नव्हे, तर सभासद होणे आणि पैसे भरणे यांनाही त्या कायद्याने मनाई आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. ज्यांना लवकर गाडी लागते त्यांचे हप्ते थांबतात, म्हणजे त्यांच्या गाडीची किंमत उरलेल्यांच्या हप्त्यांतूनच निघायला हवी. मग शेवटी राहणाऱ्यांना पूर्ण पैसे परत मिळतील असे आश्वासन कोणत्या पैशातून पाळले जाणार? ओळखीच्या बायकांची, व्याजबट्टा नसलेली, प्रत्येकीला एकदा पूर्ण रक्कम देणारी भिशी ही वेगळी गोष्ट. येथे मधला माणूस गाडी दाखवून पैसे गोळा करतो आहे. योजना चालवणारा ओळखीचा आहे, गल्लीतलाच आहे, असे तुम्हाला सांगितले जाईल. गावोगावच्या अशा योजना ओळखीच्याच माणसांनी सुरू केलेल्या असतात.

कराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण भामट्यांचे खोटे येथे खऱ्या नियमाला चिकटून उभे असते. सोडत, शब्दकोडे किंवा दूरचित्रवाणीवरील खेळ यांतून मिळालेल्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के आयकर आणि त्यावर उपकर लागतो. तुमचे स्वतःचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी त्या मर्यादेचा लाभ या रकमेला मिळत नाही. दहा हजारांहून अधिक किमतीच्या बक्षिसावर आयोजकाने कर आधीच कापायचा असतो, आणि बक्षीस वस्तुरूपात असेल तर कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय त्याने ते हवाली करायचे नसते. म्हणजे ऐंशी हजारांची स्कूटर खरोखर लागली तर उपकर सोडूनही २४,००० रुपयांचा कर कोणीतरी भरावाच लागतो. काही आयोजक तो स्वतः सोसतात, काही विजेत्याकडून घेतात, आणि कोण भरणार हे नियमांत आधी लिहिलेले असते. खऱ्या आयोजकाला तुमचा पॅन लागतो, तो कर सरकारी खात्यात तुमच्या पॅनवर जमा होतो आणि त्याची नोंद तुम्हाला आयकर विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. तो कर स्वतः त्या संकेतस्थळावरून भरून चलनाची प्रत आयोजकाला देणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. कोणाच्या तरी खासगी यूपीआय क्रमांकावर भरलेली रक्कम कर नसते. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातील मुलांनाही सांगून ठेवा. टपालाने येणारी खरवडायची कार्डे आणि केबीसीच्या नावाने व्हॉट्सअॅपवर फिरणारी पंचवीस लाखांची लॉटरी यांची घडण तुमच्या स्कूटरसारखीच असते: आधी अभिनंदन, मग घाई, मग लहान रक्कम, आणि ती भरली की दुसरी.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. पाककलेत तिसरा क्रमांक. तो चिठ्ठीने आलेला नाही. परीक्षक असलेल्या स्पर्धेत भाग घेणारे मुळातच थोडे असतात, कारण तेथे कष्ट पडतात, आणि त्यांतले निम्मे नियम न वाचता येतात. पुढच्या वेळी निकष आधी मागून घ्या. चव, मांडणी, पौष्टिकता, वेळ आणि दिलेला विषय यांना किती किती गुण आहेत ते कळले की कोठे कमी पडलो ते दिसते. तीस ताटे चाखून दमलेल्या परीक्षकासमोर पनीरचा आणखी एक प्रकार ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडचे येसर, धपाटे, सुशीला, ज्वारीच्या कण्या, हुरड्याचे थालीपीठ हे पदार्थ तुमच्या हातात आहेत. त्यांतील एक निवडून तो तिथल्या तिथे गरम वाढता येईल अशी सोय केली, आणि कोणत्या ज्वारीचे पीठ, मसाल्यात काय काय भाजले, हे दोन वाक्यांत सांगता आले, तर क्रमांक वर सरकायला वाव आहे. रांगोळीतही विषय ‘पाणी वाचवा’ असताना मोर काढणाऱ्यांची संख्या दरवर्षी कमी होत नाही.

घोषवाक्याचे तसेच. वीस शब्द म्हटले की वीसच. एकविसावा शब्द वाचला जात नाही, प्रवेशिकाच बाजूला पडते. उत्पादनाच्या नावाशी यमक जुळवण्याचा मोह टाळा, कारण शेकडो जणांनी तेच यमक जुळवलेले असते. ‘घराघरात आनंद’ यापेक्षा तुमच्या घरातील एक खरी गोष्ट, उदाहरणार्थ, पहाटे शेतावर जाणाऱ्या डब्यात संध्याकाळपर्यंत टिकणारी चटणी, परीक्षकाच्या लक्षात राहते. मुलांना चित्रकला येत असेल तर केंद्र सरकारच्या मायगव्ह या संकेतस्थळावर बोधचिन्ह, घोषवाक्य आणि प्रश्नमंजूषा यांच्या विनाशुल्क स्पर्धा चालू असतात. स्वच्छ भारत अभियानाचे गांधीजींच्या चष्म्याचे बोधचिन्ह २०१४ मध्ये अशाच खुल्या स्पर्धेतून निवडले गेले. ते कोल्हापूरच्या एका जाहिरातकाराने काढले होते आणि त्याला ५०,००० रुपयांचे बक्षीस मिळाले. चष्म्याच्या दोन भिंगांत दोन शब्द, एवढेच ते चित्र आहे.

आणि ताई, दोन एकर तुमच्या नावावर आहेत तर कृषी विभागाच्या पीक स्पर्धेचा विचार का करत नाही? सोयाबीन, तूर, मूग, उडीद ही खरिपाची आणि ज्वारी, हरभरा, गहू, करडई ही रब्बीची पिके तीत आहेत. जमीन स्वतःच्या नावावर असावी, ती स्वतः कसलेली असावी, आणि त्या पिकाखाली निदान ४० आर, म्हणजे एक एकर, सलग क्षेत्र असावे, अशा अटी आहेत. सर्वसाधारण गटाचे प्रवेश शुल्क ३०० रुपये आहे. तालुका पातळीवर ५,०००, ३,००० आणि २,००० रुपये, जिल्हा पातळीवर १०,०००, ७,००० आणि ५,००० रुपये, आणि राज्य पातळीवर ५०,०००, ४०,००० आणि ३०,००० रुपये अशी बक्षिसे आहेत. निकाल कापणी प्रयोगात निघालेल्या उत्पादनावर लागतो, म्हणून येथे बियाणे, पेरणीचे अंतर, खताची मात्रा आणि वेळेवर केलेली फवारणी हीच तुमची कूपने. कोरडवाहू रानात पाऊस मध्येच ओढ देतो हे मला मान्य आहे, पण तुमच्या तालुक्यातील बहुतेक स्पर्धकांवरही तोच पाऊस पडतो. विहिरीचे एखादे पाणी हरभऱ्याला देता येत असेल तर खरिपापेक्षा रब्बीत उतरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. रब्बीच्या अर्जाची मुदत साधारणपणे ३१ डिसेंबरपर्यंत असते. सातबारा, आठ-अ आणि पासबुकाची प्रत घेऊन पेरणी आटोपताच सेलूच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा, यंदाचा शासन निर्णय दाखवायला सांगा, आणि गेल्या हंगामात हरभऱ्यासाठी तालुक्यातून किती अर्ज आले होते तेही तेथेच विचारून घ्या.